ऑफिसात रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला, बॅकअप होता तरी गेला. छोट्या धंद्यांनी नक्की काय करायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. हे लिहायला तीन महिने लागले. आधी कामाचा डोंगर होता, आणि खरं सांगायचं तर लिहायची हिंमतच होत नव्हती.

आमचं सात जणांचं ऑफिस आहे, यंत्रांचे सुटे भाग पुरवतो. पाच कॉम्प्युटर, कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून लावलेला, हिशोबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं आणि सगळ्यांना उघडता येईल असं एक शेअर्ड फोल्डर, त्यात कोटेशनं, ड्रॉइंग, बिलं सगळंच. आयटीचा माणूस ठेवायची आमची ऐपत नाही, काही अडलं की बाहेरून एक जण येऊन बघून जातो.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला हिशोब बघणाऱ्या ताईंना मेल आला. नेहमीच्या सप्लायरचं नाव, विषय 'थकीत बिलाबाबत', सोबत झिप. त्यांनी झिप उघडली, आत पीडीएफचं लाल चित्र असलेली फाइल, डबल क्लिक केलं तर काहीच उघडलं नाही म्हणून परत केलं, तेव्हा एक काळी खिडकी क्षणभर येऊन गेली. बस, एवढंच. (फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असं होतं, म्हणजे ती मुळात प्रोग्रामच होती, हे नंतर कळलं. विंडोज शेवटचा तुकडा लपवतं, त्यामुळे बघणाऱ्याला पीडीएफच दिसते.) ताईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण त्या बोलल्या नाहीत.

बुधवारी सकाळी नऊला हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडेना. शेअर्ड फोल्डर उघडलं तर सगळ्या फाइलींचे आयकॉन पांढरे कोरे, प्रत्येक नावापुढे तीच अगम्य आठ अक्षरं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल की तुमचा डेटा आमच्याकडे लॉक आहे, इथे संपर्क करा. मी म्हटलं घाबरू नका, बॅकअप आहे. सर्व्हरला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम लावलेली असते, रोज रात्री अकराला आपोआप कॉपी होते, ती चालू आहे हे मी दर आठवड्याला बघायचे. डिस्क उघडली तर तिथेही तीच आठ अक्षरं. क्लाउडवर सिंक होणारं एक फोल्डर होतं, त्यातही तेच. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

वाचलं काय तर ऑडिटरकडे अडीच महिन्यांपूर्वी दिलेली हिशोबाची एक कॉपी. तिच्यावर छापील बिलं, बँक स्टेटमेंट आणि पाठवलेले मेल बघून बघून सगळं परत चढवलं, १९ दिवस लागले. ड्रॉइंग गेली ती गेलीच. पैसे दिले नाहीत.

आता जे सांगायला धागा काढलाय ते. लॉक झालेल्या फाइलींची 'मॉडिफाइड' वेळ बघितली. पहिली फाइल रात्री २ वाजून १४ मिनिटांची, शेवटची ४ वाजून ५० ची. म्हणजे क्लिक झालं तीनला आणि कुलूप लागायला सुरुवात झाली अकरा तासांनी. त्या अकरा तासांत ताईंनी एक शब्द सांगितला असता तर वायर काढून टाकली असती. आणि त्यांनी का सांगितलं नाही? कारण मागच्या वर्षी एका मुलाकडून चुकून एक फोल्डर डिलीट झालं होतं तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर फार लागेल असं बोलले होते. ताईंनी हे मला रडत सांगितलं, आपलीही तीच गत होईल म्हणून गप्प बसले म्हणाल्या. बॅकअप चुकीचा ठेवला ही माझी चूक, पण त्याहून मोठी चूक ही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, आमच्याएवढ्या धंद्याने सुरक्षेचं काय काय करावं, कारण इंटरनेटवर सल्ले ढीगभर आहेत पण ते सगळे वेगळा विभाग असलेल्या कंपन्यांना धरून लिहिलेले वाटतात. दुसरं, असं काही झाल्याचं लक्षात आलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं.

रात्रपाळी

ताई, मनापासून लिहिलंय, धन्यवाद. मी छोट्या ऑफिसांचीच कामं करतो त्यामुळे हे असं बरंच बघितलंय. तुमचा अकरा तासांचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. लोकांना वाटतं क्लिक केलं की लगेच सगळं लॉक होतं. तसं क्वचितच होतं. पहिली फाइल नुसती दार उघडते. ती बाहेर संपर्क करते, मग हळूहळू त्या कॉम्प्युटरवर साठवलेले पासवर्ड काढले जातात, नेटवर्कवर अजून कुठली मशीन आहेत, कुठली फोल्डर शेअर आहेत, बॅकअप कुठे जातोय हे बघितलं जातं. विंडोज स्वतःहून फाइलींच्या जुन्या प्रती ठेवतं, त्यांना शॅडो कॉपी म्हणतात, त्या आधी पुसून टाकतात. आणि मग रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, कोणी बघत नसताना, कुलूप लावतात. कधी काही तास जातात, कधी कित्येक दिवस.

पहिल्या पाच मिनिटांचं सांगतो. त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. फोनवरून विचारत बसू नका, आधी वायर. बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर तीही काढा. कॉम्प्युटर लगेच बंद करू नका, कारण काय चालू होतं याचा माग मेमरीत असतो तो जातो, पण नेटवर्कवरून तोडताच येत नसेल तर मात्र सरळ बंद करा. त्या मशीनवर अॅडमिनच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) पासवर्डने लॉगिन करून बघायला जाऊ नका, ही चूक बाहेरून येणारा माणूस हमखास करतो आणि आयता पासवर्ड समोरच्याच्या हातात पडतो. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून. आणि सर्व्हरवर लॉगिन कोण कोण आहे ते बघा.

लॉक झालेल्या फाइली टाकून दिल्या नाहीत ना?

निळीशाई

नाही, एका डिस्कवर कॉपी करून कपाटात ठेवल्यात, का ते मलाही माहीत नाही, टाकवल्या नाहीत.

रात्रपाळी

बरं केलंत. 'नो मोअर रॅन्सम' म्हणून एक साइट आहे, २०१६ मध्ये युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था), नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केली. तिथे नमुन्याच्या एक-दोन फाइली टाकल्या की कुठला प्रकार आहे ते कळतं आणि किल्ली उपलब्ध असेल तर फुकट मिळते. आज नसेल तर वर्षा-दोन वर्षांनी येऊ शकते, टोळी पकडली गेली की किल्ल्या बाहेर येतात. अधूनमधून बघत राहा, ड्रॉइंगसाठी तरी.

पायवाट

वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे पण डिस्क कायम लावलेलीच आहे. आत्ता उठून काढून आलो.

कोरापान

एक शंका. सगळं क्लाउडवरच ठेवलं तर हा प्रश्नच येणार नाही ना? आम्ही तीन वर्षांपासून सगळ्या फाइली क्लाउड ड्राइव्हवर ठेवतो, वेगळा बॅकअप घेत नाही.

वाटाड्या

@कोरापान, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं कामच हे की इथे जे बदललं ते तिथे बदलायचं. इथली फाइल लॉक झाली की क्लाउडला वाटतं तुम्ही ती एडिट केली, आणि ती इमानदारीत लॉक झालेली प्रत वर चढवते. निळीशाईंच्या बाबतीत तेच झालं. वाचवतं काय तर जुन्या प्रतींची सोय, व्हर्जन हिस्टरी. वनड्राइव्हच्या सशुल्क योजनांत अख्खा ड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेवर मागे नेता येतो, गूगल ड्राइव्हवर फाइलच्या जुन्या प्रती साधारण ३० दिवस राहतात. म्हणजे वेळेत हात-पाय हलवले तर मिळतं.

निळीशाई

थांबा, म्हणजे आमचं सिंकचं फोल्डर मंगळवारच्या दुपारवर परत नेता आलं असतं?

वाटाड्या

हो, सोय चालू असेल तर नेता आलं असतं. आता तीन महिने झाले म्हणजे मुदत गेली. वाईट वाटतंय सांगताना.

निळीशाई

आमच्या बाहेरच्या माणसाने क्लाउडवर पण गेलंय एवढंच सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. त्यात ४०-५० ड्रॉइंग होती. असो, निदान इथे वाचणाऱ्या कोणाचं तरी वाचेल.

वाटाड्या

बॅकअपवर थोडं सविस्तर लिहितो, कारण मला वाटतं छोट्या धंद्याने बाकी काही केलं नाही तरी हे करावं. ३-२-१ म्हणून एक नियम आहे, पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरने तो रूढ केला, फोटोग्राफरचं सगळं पोट फाइलींवर असतं म्हणून त्याला ते सुचलं असावं. डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, आणि १ ऑफिसच्या बाहेर. रॅन्समवेअर आल्यापासून त्यात एक भर पडलीय, एक प्रत अशी पाहिजे की जिला नेटवर्कवरून हातच लावता येणार नाही.

हे करायला महागडं काही लागत नाही. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, एकीवर 'अ' दुसरीवर 'ब' अशी चिठ्ठी. या आठवड्यात अ लावायची, कॉपी झाली की काढून घरी न्यायची आणि ब आणायची. कुठल्याही क्षणी एक डिस्क ऑफिसच्या बाहेर आणि कुठल्याच मशीनला न जोडलेली असते. चोर आला, आग लागली, रॅन्समवेअर आला, फार तर आठवड्याचं काम जाईल. रोजचं जाऊ नये म्हणून क्लाउडवर खरा बॅकअप घेणारी सेवा जोडीला ठेवा, तिचा पासवर्ड सर्व्हरवर सेव्ह करून ठेवायचा नाही.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत काढून बघणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनियरने रात्री उशिरा दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली, साधारण ३०० जीबीच्या डेटाबेसमधले साडेचार जीबी उरले. मग बॅकअपकडे वळले तर पाच वेगवेगळ्या पद्धतींतली एकही नीट चालत नव्हती, एका ठिकाणी तर कित्येक दिवस रिकाम्या फाइली जात होत्या आणि चूक सांगणारे मेलही पोचत नव्हते. कोणीतरी योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या प्रतीवर भागलं. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, आणि त्या इंजिनियरचं नाव लावून त्याला बळीचा बकरा केला नाही. निळीशाईंनी ताईंबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला हेच आठवलं.

जुनीवही

+१. 'बॅकअप झाला' असा हिरवा टिकमार्क दिसतो त्याच्यावर माझा तरी विश्वास उरलेला नाही.

कारकून

मी जरा वेगळं बोलतो. एवढा सगळा प्रकार एका मेलमुळे झाला आणि त्यावर उपाय म्हणून सगळे अपडेट करा अपडेट करा म्हणतील. आमच्याकडे अपडेट केलं की बिलाचा प्रिंटर बंद पडतो, दोन वेळा झालंय, महिनाअखेरीला, त्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभं. म्हणून आम्ही अपडेट बंद करून ठेवलेत आणि सुखी आहोत.

जुनीवही

@कारकून, तुमचा त्रास खरा आहे पण उपाय घातक आहे. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधल्या एका भोकासाठी अपडेट दिलं. १२ मे ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला, त्याच भोकातून. मधे आठ आठवडे होते. तरीही १५० देशांत दोन लाखांवर मशीन लॉक झाली, आणि ती कोणी क्लिक केलं म्हणून नाही, तो आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा. ज्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरलाच नाही.

महिनाअखेर टाळा, त्याला कोणाची ना नाही. विंडोजमध्ये अपडेट काही आठवड्यांसाठी पुढे ढकलता येतात ती सोय वापरा, एका मशीनवर आधी घ्या, दोन दिवस प्रिंटर चालतोय बघा आणि मग बाकीच्यांवर. ब्राउझर मात्र लगेच, त्याने प्रिंटर बिघडत नाही. आणि कोणाकडे अजून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, वेगळी नोंदणी करून वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात पण ती तात्पुरती सोय आहे.

कोरापान

पण अपडेटमधूनच व्हायरस आला असं पण झालंय ना? कुठेतरी वाचल्यासारखं आठवतंय.

जुनीवही

झालंय, आणि तेही हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्याच. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं कराच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर तिथले बहुतेक धंदे वापरायचे, हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट सर्व्हरच ताब्यात घेतला. मर्स्कसारखी अवाढव्य जहाज कंपनी त्यात आडवी झाली, ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले असं त्यांच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितलं. त्यांच्या नेटवर्कचा नकाशा ज्या सर्व्हरांवर असतो त्यातला फक्त एक वाचला, घानामधला, कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली होती आणि तो बंद होता. म्हणजे वाचली ती न जोडलेली प्रत. वाटाड्यांची घरी ठेवलेली डिस्क तेच काम करते.

पण यावरून अपडेट थांबवायचे असा अर्थ काढू नका. अपडेटमधून येणारा हल्ला विरळा असतो, अपडेट न घेतल्याने होणारे रोजचे आहेत.

कारकून

घानाचं माहीत नव्हतं. ठीक आहे, एका मशीनवर आधी घेऊन बघायचं हे जमण्यासारखं आहे. या शनिवारी करतो.

सांजवेळ

मी रॅन्समवेअरपेक्षा वेगळं लिहिते कारण आमचे पैसे गेले ते असल्या कुठल्याही व्हायरसशिवाय. आमचा एक जुना सप्लायर, दहा वर्षांचा व्यवहार. त्याचा मेल आला की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यात करा. मेल त्याच्याच पत्त्यावरून, आधीच्या संभाषणाच्या खालीच उत्तर म्हणून आलेला, आमच्या खऱ्या ऑर्डरचा नंबर, खरी रक्कम. शंका घ्यायला जागाच नव्हती. पैसे पाठवले. तीन आठवड्यांनी त्याचा फोन, पेमेंट कधी करताय.

झालं असं होतं की त्याच्या मेलचा पासवर्ड चोरीला गेला होता आणि कोणीतरी महिनाभर आत बसून आमचं सगळं बोलणं वाचत होतं. मेलमध्ये 'रूल' लावता येतात ना, तसा एक रूल लावलेला सापडला. आमच्याकडून येणारा आणि ज्यात पेमेंट हा शब्द असेल असा प्रत्येक मेल वाचलेला म्हणून खूण करून 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. ते फोल्डर आउटलुकमध्ये असतं हेच कोणाला माहीत नसतं, त्यामुळे माझे खात्री करायला पाठवलेले दोन्ही मेल त्याला दिसलेच नाहीत आणि उत्तरं भलत्यानेच दिली. 'हो, हेच खातं बरोबर आहे.' ते वाक्य अजून डोळ्यासमोर येतं.

अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये या प्रकारच्या फसवणुकीत गेलेले म्हणून नोंदवलेले पैसे २९० कोटी डॉलर आहेत, त्याच वर्षी रॅन्समवेअरचे ६ कोटी डॉलरच्या आसपास. रॅन्समवेअरची नोंद कमी होते हे ते स्वतःच सांगतात, तरी फरक बघा.

आता आमच्याकडे एकच नियम, खातं बदललं असं कोणी कळवलं तर फोन करायचा, तोही आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आवाज ओळखीचा पाहिजे आणि काहीतरी आपल्या दोघांतलं विचारायचं, कारण हल्ली आवाजाची पण नक्कल होते. फोन लागेपर्यंत पेमेंट थांबलं तर थांबलं.

रात्रपाळी

@सांजवेळ, यात एक भर. असं उघडकीला आलं की लोक पासवर्ड बदलतात आणि निश्चिंत होतात. तेवढ्याने समोरचा बाहेर जातोच असं नाही. 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करायचं, ऑटो फॉरवर्ड कुठे जातंय का बघायचं, रूल बघायचे, आणि कुठल्या अॅपला मेल वाचायची परवानगी दिलीय ती यादी बघायची. हे चारही आत्ता, काही झालेलं नसताना पण एकदा बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

पायवाट

बघितलं. आमच्या ऑफिसच्या मेलवर एका सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी पत्त्यावर फॉरवर्ड चालू होतं, दोन वर्षांपासून. त्याच्या मनात काही नसेल, सुट्टीत काम बघता यावं म्हणून त्याने लावलेलं मला आठवतंय. पण दोन वर्षं आमची सगळी कोटेशनं तिकडे जात होती. या धाग्याचे आभार.

वाटाड्या

पासवर्डचा विषय निघालाय म्हणून लिहितो. दर तीन महिन्यांनी बदला हा सल्ला आता सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ पासून सांगितलंय की चोरीला गेल्याचा पुरावा असल्याशिवाय उगाच बदलायला लावू नका, कारण माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात. ज्या बिल बर यांनी २००३ मध्ये तो जुना नियम लिहिला त्यांनीच नंतर त्याबद्दल खंत बोलून दाखवली. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, एवढं पुरे. 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर आपला मेल पत्ता टाकून बघा, आधीच्या चोऱ्यांमध्ये आला असेल तर कळतं.

आणि मेल, बँक, क्लाउड या तिन्हींना लॉगिन करताना पासवर्डनंतर दुसरा टप्पा हवाच. एसएमएसचा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण दर ३० सेकंदांनी आकडा बदलणारं ऑथेंटिकेटर अॅप त्याहून चांगलं, आणि पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) मिळत असेल तर सगळ्यात चांगली, कारण ती खोट्या साइटवर चालतच नाही, तुम्ही फसलात तरी ती फसत नाही.

जुनीवही

आमच्याकडे बाबांचा प्रश्न आहे. धंदा त्यांनीच उभा केला, अजून सगळे व्यवहार तेच बघतात, आणि पासवर्ड मॅनेजरचं (सगळे पासवर्ड साठवणाऱ्या अॅपचं) नाव काढलं की चिडतात. सगळीकडे एकच पासवर्ड, माझ्या जन्मतारखेचा. काय करावं?

वाटाड्या

वही द्या त्यांना. खरंच सांगतोय. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, वहीत त्यांच्या अक्षरात लिहिलेला, वही कपाटात कुलपात. दुसऱ्या खंडात बसलेला चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही, पण एकच पासवर्ड दहा ठिकाणी असेल तर एका साइटची चोरी दहा कुलपं उघडते. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी मात्र नको.

जुनीवही

वही चालेल त्यांना, त्यांची आवडती वस्तू आहे. आजच देते.

रात्रपाळी

एक राहिलेलं. निळीशाई, तुमचा बाहेरचा माणूस लांबून बसून काम करतो का? करत असेल तर कसं ते विचारा. बऱ्याच ठिकाणी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (लांबून कॉम्प्युटर चालवायच्या विंडोजच्या सोयीचा) ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे आत यायची वाट, सरळ इंटरनेटला उघडा ठेवलेला असतो, तिथून कोणीही पासवर्ड लावून बघू शकतं. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) सिक्युरिटीच्या नोंदीत ४६२५ हा नंबर शोधा, तो चुकलेल्या लॉगिनचा असतो.

आणि त्याने वापरलेलं सॉफ्टवेअर पण अपडेटेड पाहिजे. २ जुलै २०२१ ला कसेया नावाच्या कंपनीच्या अशाच लांबून देखभाल करायच्या सॉफ्टवेअरमधून हल्ला झाला होता, देखभाल करणाऱ्यांमार्फत १,५०० पर्यंत धंदे त्याच्या तडाख्यात सापडले, त्यातले बहुतेक आपल्यासारखेच छोटे. त्याच्या हातात आपली किल्ली आहे, तेव्हा तो ती कुठे ठेवतो हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं (रेकॉर्डिंगच्या डब्याचं) पण तेच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते फक्त कंपनीतून आलेल्या साठ-एक पासवर्डांच्या जोड्या वापरून बघून. डीव्हीआर आणि पाहुण्यांचे फोन ऑफिसच्या कॉम्प्युटरांपासून वेगळ्या वायफायवर ठेवा, बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं.

निळीशाई

बघितलं. ४६२५ च्या नोंदी स्क्रोल करून संपेनात. एका रात्रीत हजारो, 'अॅडमिन', 'टेस्ट', 'अकाउंट्स' अशी नावं वापरून बघितलेली. पोर्ट उघडाच होता. त्याला फोन केला, तो म्हणाला सोयीसाठी ठेवलाय. बंद करून घेतला, आता आधी व्हीपीएन (आत यायची कुलूपबंद खासगी वाट) आणि मगच. म्हणजे ताईंनी क्लिक केलं नसतं तरी हे आज ना उद्या होणारच होतं, हे मी त्यांना उद्या मुद्दाम सांगणार आहे.

सांजवेळ

ताई अजून आहेत ना तुमच्याकडे?

निळीशाई

आहेत. घटनेनंतरच्या आठवड्यात मी सगळ्यांना बोलावून त्या मुलाची माफी मागितली, सगळ्यांसमोरच, कारण बोलले पण सगळ्यांसमोरच होते. आणि सांगितलं की काही विचित्र दिसलं तर आधी वायर काढायची आणि मग मला सांगायचं, चूक कोणाची ते त्या दिवशी कोणी विचारणार नाही. पहिला महिना रोज दोन-तीन खोटे इशारे आले, साधी जाहिरात आली तरी मुलं वायर काढायची. मी काहीच बोलले नाही.

मागच्या गुरुवारी ताईंनी मला हाक मारली. सप्लायरचाच मेल, अटॅचमेंट नाही, फक्त एक लिंक. म्हणाल्या पत्ता नीट बघा, मोठा करून. नावातला 'एम' हा एम नव्हताच, 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी होते. मला तरी दिसलं नव्हतं.

रात्रपाळी

हे पकडायला फार चांगली नजर लागते. अँटिव्हायरसला पण बऱ्याचदा कळत नाही.

त्यांच्या मशीनवर रोजचं काम अॅडमिन खात्यातून चालत असेल तर तेवढं साधं खातं करून द्या, आणि फाइल एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन' दाखवायचं चालू करा, पाचही मशीनवर.

निळीशाई

दोन्ही केलं.

निळीशाई

अपडेट देते, वाटाड्यांनी सांगितल्याप्रमाणे काल शनिवारी बॅकअप परत काढून बघितला. अ डिस्क घेतली, जुना रिकामा लॅपटॉप घेतला, नेटवर्कला न जोडता, आणि ठरवलं की सर्व्हर नाहीच असं समजून सोमवारी बिल काढायचंय.

सकाळी दहाला बसलो. ड्रॉइंग, कोटेशनं आली. हिशोबाचं सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्या लायसन्सचा नंबर सर्व्हरवरच्याच एका फाइलमध्ये होता, म्हणजे सर्व्हर गेला असता तर नंबर पण गेला असता, तो आता वहीत लिहिला. मग डेटा जोडला तर कंपनीची यादीच रिकामी. दोन तास शोधल्यावर सापडलं की सॉफ्टवेअर त्याचा डेटा सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि आपण बॅकअपला लावलेलं फोल्डर दुसरंच आहे. भरीला रात्री अकराला सॉफ्टवेअर एका मशीनवर उघडंच राहायचं, त्यामुळे उघडी फाइल कॉपीतून वगळली जायची. रोज 'बॅकअप पूर्ण' असा संदेश यायचा.

म्हणजे रॅन्समवेअरने डिस्क लॉक केली नसती तरी हिशोब त्यात नव्हताच.

फोल्डर बदललं, यापुढे रोज संध्याकाळी सातला सगळ्यांनी सॉफ्टवेअर बंद करायचं ठरलं, परत कॉपी घेतली, परत लॅपटॉपवर काढली. संध्याकाळी साडेपाचला ताईंनी त्या लॅपटॉपवरून एक नमुन्याचं बिल छापलं, शुक्रवारच्या शेवटच्या बिलापुढचाच नंबर आला. ब डिस्क आज माझ्या घरी आहे, पुढच्या महिन्यात तिच्यावरून काढून बघणार.